‘मॅरेज इटालियन स्टाइल’ नीट पाहायचा तर

रोमँटिक कॉमेडीचा एक साचा आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो. दोघं भेटतात, भांडतात, गैरसमज होतो, तो मिटतो आणि शेवटी लग्न लागतं. व्हित्तोरिओ डी सिकाचा १९६४ चा ‘मात्रिमोनिओ आल्लितालियाना’ जगभर ‘मॅरेज इटालियन स्टाइल’ या नावाने ओळखला जातो. तो या साच्यात बसवून पाहायला गेलात तर सुरुवातीलाच बिनसतं. इथे लग्न चित्रपटाच्या अर्ध्या वाटेवर लागतं, तेही फसवून. नायकाने नायिकेला दोन दशकं बायको न करता बायकोची सगळी कामं करायला लावलेली असतात. नायिका वेश्यागृहातून आलेली आहे. सोफिया लॉरेन आणि मार्चेल्लो मास्त्रोयानी या दोन देखण्या चेहऱ्यांवर विसंबून हलकंफुलकं काही पाहायला बसलेला माणूस अशा वेळी गोंधळतो.

गोंधळ टाळायचा एक साधा उपाय आहे. प्रत्येक प्रसंगात एकच प्रश्न मनाशी ठेवायचा: इथे कोणाला काय माहीत आहे आणि कोणाला नाही? या चित्रपटातलं हसू, त्यातली मारामारी आणि त्यातलं प्रेम, तिन्ही या प्रश्नावर उभं आहे. पुढे कथा शेवटापर्यंत सांगितली आहे. ती आधी कळल्याने मजा कमी होत नाही, कारण खरा आनंद काय घडतं यापेक्षा ते कसं घडवलंय यात आहे.

कथा नेपल्सची. दुसऱ्या महायुद्धात शहरावर बॉम्ब पडतायत. भोंगा वाजतो, वेश्यागृह रिकामं होतं आणि तिथे आलेल्या डोमेनिको सोरियानोला लपून बसलेली एक घाबरलेली मुलगी सापडते. ती फिलुमेना मार्तुरानो, वय सतरा. डोमेनिको पैसेवाला आहे, केक-पेस्ट्रीच्या दुकानांचा मालक आहे, हौशी आहे आणि स्वतःवर बेहद्द खूश आहे. युद्ध संपल्यावर दोघं पुन्हा भेटतात. तो तिला त्या घरातून बाहेर काढतो, स्वतंत्र जागा घेऊन देतो आणि मन मानेल तेव्हा येत-जात राहतो. पुढे तिला स्वतःच्या घरी आणतो. तिला वाटतं, आता आपल्याला घरात जागा मिळणार. मिळते ती म्हाताऱ्या, भ्रमिष्ट आईची देखभाल करणारीची. आई गेल्यावर घर फिलुमेनाच चालवते, दुकानंही तीच सांभाळते. आणि इतकं झाल्यावर डोमेनिको आपल्या दुकानातल्या तरण्याताठ्या कॅशियर मुलीशी, दियानाशी, लग्न ठरवतो.

फिलुमेना अंथरूण धरते. मरायला टेकलीय असं सगळ्यांना वाटतं. पाद्री बोलावला जातो आणि मरणाऱ्या बाईची शेवटची इच्छा म्हणून डोमेनिको तिच्याशी लग्न लावून घेतो. मनात हिशोब सरळ आहे: ही रात्रभरात जाईल, मग दियाना आहेच. तो फोनवर दियानाची समजूत घालत असतो आणि फिलुमेना धडधाकट उठून उभी राहते.

इथवर चित्रपटाने आपल्यालाही डोमेनिकोच्याच बाजूला बसवलेलं असतं. त्याला जेवढं माहीत, तेवढंच आपल्याला. भूतकाळाची पहिली फेरीही त्याच्याच आठवणींतून येते. म्हणून त्यातली फिलुमेना आकर्षक दिसते, सोयीची दिसते, पण तिच्या मनात काय चाललंय ते दिसत नाही. पहिल्यांदा पाहताना हे लक्षात येत नाही आणि ‘नायिकेची व्यक्तिरेखा उथळ आहे’ असं मत होतं. ते मत तिथेच थोपवून धरायचं. ती उठून बसल्यावर भूतकाळ दुसऱ्यांदा उलगडतो, या वेळी तिच्या तोंडून. त्याच वर्षांतून आपण पुन्हा जातो आणि त्याने न पाहिलेलं सगळं आता दिसतं. तिला तीन मुलगे आहेत: उंबेर्तो, रिकार्दो आणि मिकेले. दुसऱ्यांच्या घरी ठेवून, डोमेनिकोच्या घरखर्चातून पैसे चोरून तिने ते वाढवलेत. मुलांना आई कोण हे ठाऊक नाही, डोमेनिकोला मुलं आहेत हेच ठाऊक नाही. तिला त्याचा पैसा नकोय. तिला हवंय मुलांसाठी एक आडनाव.

आडनावासाठी एवढा आटापिटा का, हे आजच्या प्रेक्षकाला चटकन उमगत नाही आणि इथेच चित्रपटाचा निम्मा अर्थ निसटतो. म्हणून थोडं कायद्याकडे वळू.

चित्रपट बनला तेव्हा इटलीत घटस्फोट नव्हता. तो १ डिसेंबर १९७० ला कायद्याने आला आणि तो रद्द करावा म्हणून १९७४ च्या मे महिन्यात सार्वमत झालं, त्यात जवळपास ५९ टक्के मतं घटस्फोट ठेवण्याच्या बाजूने पडली. त्याआधी झालेलं लग्न संपवायचं तर ते मुळात झालंच नव्हतं असं सिद्ध करावं लागे. डोमेनिको वकिलाकडे धाव घेतो ती याचसाठी. चित्रपट ज्यावरून केलाय त्या एदुआर्दो दे फिलिप्पोच्या मूळ नाटकात वकील नागरी संहितेची दोन कलमं फिलुमेनाला वाचून दाखवतो: कलम १०१, मृत्यू समोर उभा असताना लावायचं लग्न, आणि कलम १२२, जबरदस्तीने किंवा चुकीच्या समजुतीतून दिलेली संमती. कायद्याची बाजू डोमेनिकोची आहे. मरणाचं कारण खोटं, म्हणून लग्न खोटं. शिक्षण न मिळालेल्या फिलुमेनाला ती कलमं कळत नाहीत, पण त्यांचा निकाल लगेच कळतो.

मुलांची बाजू याहून बिकट होती. लग्नाबाहेर जन्मलेल्या आणि कोणी नाव न दिलेल्या मुलाच्या कागदपत्रांवर आईबापांच्या नावाच्या जागी ‘एन. एन.’ अशी दोन अक्षरं पडत. नाव अज्ञात, असा त्यांचा अर्थ. शाळा, नोकरी, सैन्यभरती, लग्न, जिथे कागद दाखवायचा तिथे ती अक्षरं आधी दिसत. १९५५ च्या कायद्याने ओळखीच्या कागदांवरून आईबापांची नावंच काढली, तेव्हा कुठे हा डाग उघडपणे दिसायचा थांबला. लग्नातल्या आणि लग्नाबाहेरच्या मुलांचे हक्क जवळ आणणारी कुटुंबकायद्याची मोठी दुरुस्ती १९७५ ची. एदुआर्दोने नाटक लिहिलं १९४६ मध्ये, म्हणजे इटली राजेशाही टाकून प्रजासत्ताक झाला आणि नवी राज्यघटना लिहायला बसला त्याच वर्षी. १९४८ च्या जानेवारीत लागू झालेल्या त्या घटनेच्या कलम ३० मध्ये, लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलांनाही वाढवण्याची, शिकवण्याची जबाबदारी आईबापांवर टाकली आहे. फिलुमेना जे मागते ते त्या दिवसांत संसदेपासून गल्लीपर्यंत बोललं जात होतं.

वेश्यागृहाचंही तसंच. ती सरकारमान्य घरं होती, परवाना असलेली. १९५८ मध्ये कायद्याने ती बंद झाली. चित्रपट पाहणाऱ्या १९६४ च्या इटालियन माणसाला ती जागा नुकतीच मागे पडलेली होती, म्हणून डी सिका तिची ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही.

आता पुन्हा त्या प्रश्नाकडे येऊ. लग्न रद्द झाल्यावर फिलुमेनाच्या हातात काय उरतं? घर त्याचं, पैसा त्याचा, कायदा त्याचा. उरते फक्त एक माहिती. जाता जाता ती त्याला सांगते की तीन मुलांपैकी एक तुझा आहे. कोणता, ते मात्र ती सांगत नाही.

इथून सगळा तराजू उलटतो आणि इथूनच खरी कॉमेडी सुरू होते. डोमेनिको मुलांच्या मागे लागतो. त्यांची चाल न्याहाळतो, आवडीनिवडी विचारतो, नाकडोळे जुळवून बघतो. नाटकातली मुलं तीन तऱ्हेची आहेत: एक लेखक व्हायची इच्छा असलेला हिशेबनीस, एक शर्टांचा दुकानदार, एक प्लंबर. डोमेनिकोला तरुणपणी गायची आवड, म्हणून तो त्यांना गाऊन दाखवायला लावतो. तिघंही बेसूर. मुलींची आवड विचारतो, तर त्यातही कोणी वेगळा निघत नाही. प्रत्येक खूण तिघांनाही लागू पडते किंवा एकालाही नाही. मास्त्रोयानीचा डोमेनिको इथे इतका हास्यास्पद आणि इतका माणसासारखा एकाच वेळी दिसतो की त्याच्यावर राग धरून ठेवणं कठीण जातं. आयुष्यभर माणसांची किंमत स्वतःच्या सोयीवरून ठरवणारा हा गृहस्थ पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाकडे निरखून बघतोय.

ती नाव का सांगत नाही, याचं तिचं उत्तर साधं आहे. सांगितलं तर तू त्या एकाचे लाड करशील, बाकी दोघांना टाकशील आणि तिघं एकमेकांचे वैरी होतील. मुलं मुलंच असतात आणि ती सगळी सारखी असतात. हे वाक्य तिच्याकडे आलं कुठून, त्याचा प्रसंग चित्रपटात आहे आणि नाटकात तर तो गाभाच आहे. पोटुशी असताना सगळ्याजणी तिला मूल पाडायला सांगतात. ती रात्री गल्लीतल्या मेरीमातेच्या देवळीसमोर जाऊन उभी राहते. नेपल्सच्या जुन्या वस्तीत अशा देवळ्या जागोजाग आहेत, फुलं आणि दिवे लावलेल्या. तिथे तिला उत्तर ऐकू येतं. आवाज देवीचा होता की जवळच्या घराच्या अर्धवट उघड्या खिडकीतून कोणी बोलत होतं, हे एदुआर्दो मुद्दाम मोकळं सोडतो. लॉरेन हा प्रसंग भाविकपणाने करत नाही. ती देवीशी जाब विचारल्यासारखी बोलते आणि मग ऐकते. पहिल्यांदा पाहताना शब्दांच्या ओघात हा बदल निसटतो, म्हणून दुसऱ्यांदा पाहताना तिच्या मानेकडे आणि हनुवटीकडे लक्ष ठेवा.

मूळ नाटक आणि चित्रपट यांतला फरक माहीत असेल तर डी सिकाने काय साधलं ते जास्त कळतं. ‘फिलुमेना मार्तुरानो’ एदुआर्दोने आपली बहीण तितिना हिच्यासाठी लिहिलं आणि ते नोव्हेंबर १९४६ मध्ये नेपल्समध्ये रंगमंचावर आलं. पडदा उघडतो तो फसवणूक उघडी पडल्यानंतर. फिलुमेना, डोमेनिको, मोलकरीण रोझालिया आणि नोकर आल्फ्रेदो अशी चौघं खोलीच्या चार कोपऱ्यांत उभी असतात. म्हणजे ज्या प्रसंगाला चित्रपट अर्ध्या वाटेने पोहोचतो, तिथून नाटक सुरू होतं. नाटकातली फिलुमेना ४८ वर्षांची, डोमेनिको ५२ चा. त्यांचं तारुण्य फक्त बोलण्यात येतं.

चित्रपटाने तारुण्य दाखवायचं ठरवलं आणि पारडं प्रेमकथेकडे झुकलं. चित्रीकरणाच्या वेळी लॉरेन तिशीच्या आसपासची होती आणि तिला सतरा वर्षांच्या भेदरलेल्या पोरीपासून पोरांची लग्नाची वयं झालेल्या बाईपर्यंत सगळं एकटीला उभं करायचं होतं. ती वय मेकअपवर सोडत नाही. तरुणपणीची फिलुमेना भराभर चालते, खांदे मोकळे, नजर आजूबाजूला फिरणारी. वय वाढतं तशी तिची चाल जड होते, हात कामात गुंततात आणि नजर एका जागी खिळते. पुढे-मागे उड्या मारणाऱ्या कथेत आपण कोणत्या वर्षात आहोत हे कळत नसेल तर तारखा शोधू नका, तिचे खांदे बघा. लगेच कळेल.

नाटकाच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. चित्रपटाच्या या निर्णयाची किंमत आहे. पन्नाशीला आलेली, कोणीही वळून बघणार नाही अशी बाई जेव्हा मुलांसाठी नाव मागते, तेव्हा त्या मागणीत दुसरं काही मिसळलेलं नसतं. लॉरेनचं सौंदर्य समोर असताना डोमेनिको परत येतो तो मुलांसाठी की तिच्यासाठी, हा प्रश्न राहतोच. डी सिकाला तो राहिलेला चालतो. उलट दोघांमधली ओढ कधीच पुरती विझलेली नाही, हेच तो दाखवत राहतो, आणि म्हणूनच नाटकाची ही कथा पडद्यावर रोमँटिक कॉमेडी होऊ शकली.

सोफिया लॉरेनला ही भूमिका इतकी का साधली, याचं उत्तर थोडं तिच्या आयुष्यात आहे. तिचा जन्म १९३४ चा, रोमचा, पण ती वाढली नेपल्सजवळच्या पोत्सुओलीत. युद्धातले बॉम्बहल्ले तिने लहानपणी अनुभवले. तिच्या वडिलांनी तिच्या आईशी, रोमिल्दा विलानीशी, कधी लग्न केलं नाही. सोफियाला वडिलांचं आडनाव मिळालं, धाकट्या बहिणीला मारियाला नाही. सोफियाने सिनेमातून कमावलेले पैसे वडिलांना देऊन बहिणीला ते आडनाव मिळवून दिलं. एका मुलीला नाव आणि दुसरीला नाही, म्हणजे काय होतं हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कायद्याचा फासही तिच्या गळ्याशी होताच. चित्रपटाचा निर्माता कार्लो पाँटी आधी विवाहित होता. १९५७ मध्ये मेक्सिकोत, दोघांच्या वतीने दोन वकील उभे करून, त्याचं आणि सोफियाचं लग्न लागलं. इटलीच्या दृष्टीने तो गुन्हा ठरला, द्विभार्याप्रतिबंधाखाली कारवाई सुरू झाली, म्हणून १९६२ मध्ये त्यांनी ते लग्न रद्द करून घेतलं. फ्रेंच नागरिकत्व घेऊन त्यांनी पुन्हा लग्न केलं ते १९६६ मध्ये. म्हणजे ‘मॅरेज इटालियन स्टाइल’ तयार होत असताना त्यातली नायिका आणि निर्माता कायद्याने नवरा-बायको नव्हते. खुद्द डी सिकाचीही दोन घरं होती, पहिल्या पत्नीचं आणि मारिया मेर्कादेरचं, आणि त्यालाही पुढे फ्रान्सचाच रस्ता धरावा लागला. या माणसांनी लग्नाच्या कायद्यावर चित्रपट केला तेव्हा तो विषय त्यांनी पुस्तकातून उचललेला नव्हता.

मास्त्रोयानीचं कौतुक तुलनेने कमी होतं, कारण त्याचं काम दिसत नाही असं आहे. तो लाझिओ प्रांतातल्या फोंताना लिरीचा, १९२४ चा जन्म. दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोंतीच्या नाटकमंडळीत त्याची घडण झाली. १९६० नंतर जगाने त्याला ‘लॅटिन प्रियकर’ अशी पाटी चिकटवली आणि ती त्याला आवडत नसे. म्हणून तो मुद्दाम त्या पाटीला छेद देणाऱ्या भूमिका घेत राहिला: नपुंसक नवरा, फसलेला नवरा, थकलेला दिग्दर्शक. डोमेनिको याच रांगेतला आहे. बाहेरून ऐटबाज, कोरीव मिशी, अंगावर बेतलेले सूट. आतून आळशी, भित्रा आणि आपल्याला कोणी फसवू शकतं या कल्पनेनेच दुखावणारा. मास्त्रोयानी या माणसाला खलनायक करत नाही आणि त्याच्यासाठी दयाही मागत नाही. तो त्याचा आळस रंगवतो. डोमेनिको दुष्टपणा करतो तो ठरवून नव्हे, तर विचार करायचे कष्ट नको म्हणून. फिलुमेनाला घरात घेतलं, कामाला लावलं, वर्षं गेली. त्याच्या लेखी हे सगळं आपोआप झालं. तो रागावतो तेव्हाही त्याचे हात बोलण्याच्या अर्धा क्षण मागे असतात, जणू शरीरालाच पटलेलं नाही. हे बारकावे तो एकटा पडद्यावर असताना जास्त दिसतात.

दोघं एका चौकटीत आले की वेगळंच काही घडतं. त्यांची पहिली जोडी १९५४ ची, आणि त्या चित्रपटात डी सिका नट म्हणून तिच्या बापाच्या भूमिकेत होता. म्हणजे १९६४ पर्यंत या तिघांची दहा वर्षांची ओळख होती. भांडणाच्या प्रसंगांत ही ओळख कामाला येते. लॉरेन आवाज चढवते तेव्हा मास्त्रोयानी आवाज चढवून उत्तर देत नाही, तो गप्प होतो किंवा विषय टाळतो. ती शांत झाली की तो बिथरतो. एकाने वर गेलं की दुसऱ्याने खाली यायचं, ही त्यांची न ठरवलेली रीत प्रत्येक भांडणात पाळलेली दिसेल. दोघंही एकदम ओरडतात तो क्षण फार विरळा येतो, आणि येतो तेव्हा ते भांडण कसलं आहे हे त्या दोघांनाही कळलेलं असतं.

डी सिकाविषयी एक गोष्ट. आपल्याकडे तो प्रामुख्याने ‘बायसिकल थीव्ज’चा दिग्दर्शक म्हणून माहीत आहे. १९५२ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो चित्रपट दाखवला गेला आणि बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मागे त्याची प्रेरणा होती. त्यामुळे ‘डी सिकाने पुढे बाजारू कॉमेड्या केल्या’ असं बोललं जातं. हे पटण्यासारखं नाही. तो मुळात लोकप्रिय नट होता, गाणारा, हसवणारा, आणि नटांना भूमिका स्वतः करून दाखवत दिग्दर्शन करायचा. नेपल्सही त्याला जवळचं होतं. गरिबीकडे बघण्याची त्याची नजर या चित्रपटातही तीच आहे, फक्त आता ती रंगीत आहे आणि तिच्यात मोठे तारे आहेत. सोरियानोचं घर नेपल्सच्या पियात्सा देल जेझू नुओवो चौकातलं आहे. त्या श्रीमंत, ऐसपैस खोल्या आणि फिलुमेनाच्या वाट्याला येणारी नोकरांची खोली यांतलं अंतर कॅमेरा वारंवार मोजतो. त्यासाठी संवाद लागत नाही.

पाहताना अडचणी येतात त्या बहुतेक प्रतीच्या असतात. इंग्रजीत डब केलेली आवृत्ती टाळा. नेपल्सची बोली, मोलकरणीचं बोलणं, वकिलाचं पुस्तकी बोलणं, या सगळ्याला तिथे एकच सूर मिळतो आणि निम्मे विनोद मरतात. मूळ इटालियन ध्वनी आणि सबटायटल्स, हीच जोडी घ्या. ओठ आणि आवाज किंचित मागेपुढे वाटले तर प्रत खराब समजू नका. त्या काळी इटलीत आवाज चित्रीकरणानंतर स्टुडिओत ध्वनिमुद्रित करायची रूढ पद्धत होती. चित्रपट साधारण १०० मिनिटांचा आहे, त्यामुळे तुकड्यातुकड्यांत पाहायची गरज नाही, आणि पाहूही नये. दोन बाजूंनी सांगितलेला भूतकाळ एकाच बैठकीत पाहिला तरच एकमेकांवर घासतो. जुन्या, रंग उडालेल्या प्रतींमध्ये रात्रीचे आणि घरातले प्रसंग काळे पडतात, चेहरे वाचता येत नाहीत. या चित्रपटात चेहरे वाचता आले नाहीत तर फारसं काही उरत नाही. पुनरुज्जीवित प्रत मिळत असेल तर तीच शोधा.

एक धागा सुरुवातीपासून धरून ठेवा. फिलुमेना रडत नाही. बॉम्ब पडतात, माणसं तिला वापरून टाकतात, लग्न रद्द होतं, तरी नाही. ती भांडते, शिव्या देते, सोंग आणते. न रडणं हे तिने आयुष्याविरुद्ध लावलेलं बंड आहे आणि लॉरेन ते फार कसोशीने सांभाळते. डोळे भरतील असं वाटतं तिथे ती मान वळवते किंवा हाताला काम देते. शेवटी डोमेनिको शोध थांबवतो. कोणता आपला, हे न कळताच तो लग्नाला उभा राहतो, आणि तिघं त्याला ‘पप्पा’ म्हणतात. तेव्हा ती रडते, आणि रडणं किती छान वाटतं म्हणते. आधीच्या दीड तासात लॉरेनने एकदा जरी अश्रू खर्च केला असता तर हा प्रसंग नेहमीच्या गोड शेवटात जमा झाला असता.

या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. त्याच चित्रपटाला परदेशी भाषेतल्या चित्रपटाचं नामांकन मिळालं ते पुढच्या वर्षी, कारण दोन्हींच्या पात्रतेचे नियम वेगळे होते. १९६५ च्या मॉस्को महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला.

यानंतर काय पाहावं? चित्रपटाचं नाव ज्याच्यावर बेतलंय तो पिएत्रो जेर्मीचा १९६१ चा ‘डिव्होर्स इटालियन स्टाइल’ आधी घ्या. घटस्फोट मिळत नाही म्हणून बायकोचा खून करून अब्रूच्या नावाखाली कमी शिक्षेत सुटायचा बेत आखणारा सिसिलीतला सरदार मास्त्रोयानीने केला आहे. तशी सवलत देणारं कलम इटलीच्या दंडसंहितेत खरंच होतं आणि ते १९८१ मध्ये रद्द झालं. त्या चित्रपटाला मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं. मग १९६३ चा ‘यस्टर्डे, टुडे अँड टुमॉरो’: हेच तिघं, तीन कथा, त्यातली नेपल्सची पहिली कथा एदुआर्दोची. तुरुंग टाळण्यासाठी एकामागून एक बाळंतपणं ओढवून घेणारी सिगारेट विकणारी बाई आणि तिचा थकून गेलेला नवरा. लॉरेन-मास्त्रोयानी जोडीचं हलकं काम इथे सगळ्यात चांगलं आहे.

आणि दोघांची ताकद विनोदाबाहेर तपासायची असेल तर एत्तोरे स्कोलाचा १९७७ चा ‘अ स्पेशल डे’. ६ मे १९३८, हिटलर रोमला आलाय, सगळी इमारत संचलन पाहायला गेलीय, मागे उरलीय सहा मुलांची आई आणि समलिंगी म्हणून रेडिओच्या नोकरीतून काढलेला निवेदक. लॉरेनला इथे मेकअप जवळजवळ नाही, मास्त्रोयानीला ऐट नाही. नाटकाचीच ओढ लागली असेल त्यांनी इटालियन दूरचित्रवाणीसाठी १९६२ मध्ये चित्रित झालेलं ‘फिलुमेना मार्तुरानो’ शोधावं. डोमेनिको स्वतः एदुआर्दोने केला आहे आणि फिलुमेना रेजिना ब्यांकीने. ती लॉरेनपेक्षा कितीतरी कोरडी आहे, आणि लेखकाने लिहिलेल्या बाईच्या जास्त जवळची.